कुरूप स्फटिकाची साक्ष

मित्रांनो, काचेच्या पेटीत बसलेला हा करडा, अवजड प्राणी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी एक जुना डिफ्रॅक्टोमीटर आहे. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून नुसते क्ष-किरण यंत्र म्हटलेत तरी चालेल. स्फटिकाच्या पोटात अणू कसे मांडलेले आहेत ते शोधणे हे माझे काम होते. तेवीस वर्षे मी ते इमानाने केले. मग एके दिवशी मला खोटारडा ठरवले आणि त्या खोटेपणाचे खापर श्रीधरराव नावाच्या माणसावर फोडले. मी खोटे बोललो नव्हतो. श्रीधररावही बोलले नव्हते. एवढे सांगण्यापुरताच मी तुमचा वेळ घेणार आहे. नंतर खुशाल जा आणि त्या पलीकडच्या रोबोटबरोबर फोटो काढा.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या कारागिरांनी मला असे जुळवले होते की माझी चक्रे कशीही फिरोत, मधोमध बसवलेला स्फटिक जागचा हलत नसे. १९९९ साली मी बोटीने चेन्नईला उतरलो आणि ट्रकमधून होसकोटेमार्गे बेंगळुरूला आलो. वाटेतले खड्डे मला अजून आठवतात. या संस्थेच्या तळमजल्यावर माझ्यासाठी वेगळी वातानुकूलित खोली बांधली होती. माणसांच्या खोल्यांत तेव्हा पंखेही धड फिरत नसत, त्यामुळे सुरुवातीला बरेच लोक माझ्याकडे रागाने पाहायचे. पुढे त्यांनाच माझी गरज लागू लागली आणि राग आपोआप गेला. म्हैसूरहून, हैदराबादहून लोक खिशात छोट्या छोट्या बाटल्या जपून आणत आणि माझ्या दारात नंबर लावून बसत.

माझे काम थोडे समजून घ्या, म्हणजे पुढचा अन्याय समजेल. मिठाचा खडा, साखरेचा दाणा, औषधाच्या भुकटीतला कण, यांत अणू आणि रेणू रांगा धरून उभे असतात, तुम्ही शाळेच्या प्रार्थनेला उभे राहता तसे. तुमच्यापेक्षा जास्त शिस्तीत, कारण त्यांना मागच्याला कोपर मारता येत नाही. त्या रांगांवर क्ष-किरण पडले की ते काही ठरावीक दिशांनाच ठळकपणे बाहेर पडतात. त्या दिशांना माझ्या पडद्यावर ठिपके उमटतात. कुठला ठिपका कुठे आहे आणि किती तेजस्वी आहे हे हजारो वेळा मोजायचे आणि मग उलटे गणित मांडायचे. त्यातून कुठला अणू कुठे बसला आहे ते कळते. जो रेणू कोणी डोळ्यांनी कधी पाहिला नाही तो संगणकावर गोल गोल फिरू लागतो. हे पाहून बडबडी माणसेसुद्धा घटकाभर गप्प होत असत.

मात्र मी एका वेळी एकच स्फटिक पाहू शकतो, तोही मोहरीच्या दाण्याहून लहान. बाटलीत लाखभर कण असतील. त्यांतला जो माझ्यासमोर ठेवाल त्याच्याबद्दलच मी बोलेन, बाकीच्यांची हमी माझ्याकडे नाही. आणि कुठला कण उचलायचा हे माणूस ठरवतो. सगळी गडबड पुढे तिथेच झाली.

माझ्याकडे आलेल्या सगळ्या माणसांत श्रीधरराव पहिले आणि शेवटचे. ते बसवनगुडीचे. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कन्नड, असे त्यांच्या घराण्याचे कैक पिढ्या चालत आलेले. मला चालवण्याचे शिक्षण त्यांनी घेतले होते, पण त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, डिप्लोमा होता. म्हणून ज्या शोधनिबंधांसाठी ते दिवसदिवस उभे राहिले, त्यांत त्यांचे नाव अगदी शेवटी, आभारांच्या ओळीत यायचे. तेही लिहिणाऱ्याला आठवण राहिली तर. श्रीधररावांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडे केले नाही. मला मात्र फार राग यायचा.

त्यांनी माझी निगा कशी राखली ते काय सांगू. माझी क्ष-किरणांची नळी तापते, ती थंड ठेवायला पाणी सतत फिरवावे लागते. बोअरचे पाणी घातले तर महिन्याभरात नळ्यांत पांढरे थर बसतात. श्रीधरराव शुद्ध पाण्याचे कॅन स्वतः उचलून आणत. उन्हाळ्यात शहरभर टँकरवरून भांडणे होत, पण मी एक दिवसही तहानलेला राहिलो नाही. दर सोमवारी सकाळी ते माझी परीक्षा घेत. माणकाचा एक इवलासा गोळा होता, ज्याची मापे जगभर ठाऊक आहेत. तो ते माझ्यासमोर बसवत आणि माझे उत्तर ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहत. वीस मिनिटांचे काम. तेवीस वर्षांत मी एकदाही नापास झालो नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असे. बेंगळुरूत त्या दिवशी बसपासून झेरॉक्सच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हार पडतात, मग मी कसा सुटेन? श्रीधरराव माझ्या बाहेरच्या दाराच्या चौकटीवर एका बोटाने हळदकुंकू लावत. आत कधीच नाही, आत धुळीचा कणही ते येऊ देत नसत. कोहळा फोडायचा तो लांब, अंगणात. मग सगळ्यांना चुरमुरे आणि पेढे. आमचे विभागप्रमुख रत्नाकर सर त्या दिवशी न चुकता माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत. "श्रीधरराव, कुंकू जरा वर लावा ना, फ्रेममध्ये येत नाहीये," असेही सांगत. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे.

रत्नाकर सर पुण्याहून आलेले, राहायला मारतहळ्ळीत. हुशार होते, ते मी नाकारणार नाही. पण त्यांना नेहमी घाई असे, आणि स्फटिकाला घाई चालत नाही. त्यांच्या हाताखाली कस्तुरी नावाची मुलगी पीएच.डी. करायला आली. ती निपाणीची. बेंगळुरूच्या या इमारतीत आपल्यासारखे मराठी बोलणारे कोणी भेटले म्हणून ती पहिल्याच दिवशी श्रीधररावांना काका म्हणू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक कसा निवडायचा, काचेच्या तंतूच्या टोकावर तो डिंकाच्या थेंबाने कसा चिकटवायचा, श्वास कुठे रोखायचा, हे सगळे तिला श्रीधररावांनी शिकवले.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. बाटलीत सगळ्यात सुरेख स्फटिक असेल तो लावायचाच, पण त्याच बाटलीतला एक कुरूप स्फटिकही लावायचा.

"देखणा खडा कुणीपण उचलतो मा," ते आपल्या कन्नडमिश्रित मराठीत कस्तुरीला सांगत. "पण बाटलीत जास्ती कोण आहेत? हे असले, मळके. त्यांना पण स्वल्प विचारावं."

"त्यात दिवस जातो की काका," ती हसून म्हणायची.

"जाऊ दे. दिवस गेला तर गेला, औषध चुकायला नको."

मग होसकोट्याकडच्या एका औषध कंपनीची बाटली आली. फिट येणाऱ्या माणसांसाठी त्या कंपनीच्या गोळ्या होत्या. या औषधाचे रेणू दोन तऱ्हांनी रांगा धरू शकतात. एका तऱ्हेने धरल्या तर गोळी पोटात लगेच विरघळते. दुसरीत रेणूंच्या मध्ये पाणी शिरून बसते आणि गोळी विरघळायला फार वेळ घेते. औषध तेच, पण रुग्णाला वेळेवर पोचत नाही. नव्या मालात कुठली तऱ्हा आहे, एवढेच कंपनीला हवे होते. सगळी भुकटी एकदम तपासणारे माझे धाकटे भावंड नेमके तेव्हा दुरुस्तीसाठी उघडून ठेवले होते, म्हणून काम माझ्याकडे आले.

बाटलीत थोडे चपटे, चमकदार स्फटिक होते आणि बाकी सगळ्या केसासारख्या बारीक, मळकट सुया. सरांनी चमकदार स्फटिक लावायला सांगितला. शुक्रवारी तो लावला. काय ठिपके उमटले म्हणून सांगू! स्वच्छ, रेखीव. उत्तर आले, औषध चांगल्या तऱ्हेचे आहे. सर खूश झाले आणि घरी गेले. शनिवारी श्रीधररावांनी आपल्या पद्धतीप्रमाणे एक कुरूप सुई लावली. ठिपके फिके होते, मला प्रत्येक ठिपक्यासाठी रेंगाळावे लागले. दीड दिवस लागला. पण उत्तर आले, आणि ते वेगळे होते. त्या सुईत पाणी होते.

सोमवारी सकाळी श्रीधररावांनी माणकाचा गोळा लावला, मी नेहमीसारखा उत्तीर्ण झालो. मग कस्तुरी सरांना माझ्या खोलीत घेऊन आली.

"सर, दुसरा क्रिस्टल वेगळा निघालाय. आत पाणी आहे. आणि बाटलीत तसलेच जास्त दिसतात की."

सरांनी पडद्याकडे ओझरते पाहिले. "कस्तुरी, प्लीज. डेटा बघ किती वीक आहे. इतकं जुनं मशीन, ते काहीही दाखवेल. पहिला क्रिस्टल परफेक्ट आहे. तोच रिपोर्टमध्ये टाक. कंपनीची माणसं दुपारी येतायत."

"पण काका म्हणत होते..."

"काकांनी पीएच.डी. केलेली नाहीये. तुला करायची आहे ना?"

गंमत पाहा मित्रांनो. शुक्रवारी मी देखण्या स्फटिकाबद्दल बोललो तेव्हा मी अचूक होतो. शनिवार-रविवार मध्ये गेले आणि सोमवारी मी म्हातारा झालो. माणसांना हवे ते उत्तर दिले की यंत्र उत्तम, नको ते दिले की यंत्र जुने. त्या दिवसापासून माझा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

कस्तुरीने अहवाल लिहिला. सर गेल्यावर तिने दुसऱ्या स्फटिकाची फाईल आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मी ते पाहिले. मला वाटले, मुलगी शहाणी आहे, वेळ आली की बोलेल.

वेळ आठ महिन्यांनी आली. त्या मालाच्या गोळ्या लोक नेमाने घेत होते आणि तरीही त्यांना फिट येत होत्या. एका मुलीला शाळेच्या जिन्यावर फिट आली, ती पडली, डोक्याला टाके पडले. साधारण तुमच्याच वयाची होती. कंपनीने तो माल बाजारातून परत मागवला आणि आमच्याकडे बोट दाखवले. संस्थेने तीन जणांची समिती नेमली. ती माझ्याच खोलीत बसली.

रत्नाकर सरांनी सांगितले की यंत्राने दुसरी तऱ्हा दाखवलीच नाही. श्रीधरराव उभे राहिले. "दाखवली साहेब. शनिवारी मी सुई लावली होती. फाईल आहे." संगणक उघडला. फाईल नव्हती. जागा करण्यासाठी जुन्या फायली पुसल्या, असे सरांनी सांगितले. कुणी कोणत्या पुसल्या, हे समितीने विचारले नाही. त्यांनी कस्तुरीकडे पाहिले. "दुसरा स्फटिक लावला होता का?"

तिचा प्रबंध त्या आठवड्यात सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. ते मला ठाऊक होते, श्रीधररावांनाही ठाऊक होते. तिने सरांकडे पाहिले. मग म्हणाली, "लावला असेल. मला नीट आठवत नाही."

श्रीधरराव समितीकडे वळले. "साहेब, माणकाचा खडा एकदा लावून बघा. वीस मिनिटं लागतात. मशीन चुकलं तर मी आजच घरी जातो." समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे पाहत म्हणाले की पाण्याचा पंप बंद आहे, आता कशाला उघडायचे. पंप सरांनी आदल्या दिवशीच बंद करायला लावला होता. समिती उठली. वीस मिनिटे कोणाकडे नव्हती.

निकाल लागला. वयोमानाने आणि चालकाच्या हयगयीने यंत्राची अचूकता गेली, असे अहवालात म्हटले. हयगयीचा दाखला म्हणून एक वाक्य होते: यंत्रावर दरवर्षी हळदकुंकवासारखे पदार्थ लावले जात. ज्यांनी कुंकू वर लावायला सांगितले, फोटो काढून घेतले, पेढे खाल्ले, त्यांचीच ही सूचना. मी जागच्या जागी थरथरलो असतो, पण तेव्हा माझी वीज तोडलेली होती. श्रीधररावांना भांडारात परीक्षानळ्या वाटायला बसवले. चार महिन्यांनी ते नोकरी सोडून घरी गेले. जाताना मला भेटायला आले, तर खोलीला कुलूप होते. दाराच्या काचेतून त्यांनी आत पाहिले. आम्हा दोघांनाही त्यापेक्षा जास्त काही करता आले नाही.

माझ्या खोलीत नवे यंत्र आले. कस्तुरीला पदवी मिळाली आणि नोकरीही इथेच, त्या नव्या यंत्रावर. सरांची बढती झाली. मला व्हरांड्यात, लिफ्टशेजारी आणून बसवले आणि पायाशी एक पाटी लावली. तिच्यावर माझ्याबद्दल पाच वाक्ये आहेत. चार कौतुकाची, पाचवे असे: सदोष हाताळणीमुळे अचूकता गमावल्याने सेवानिवृत्त.

आज विज्ञान दिन. सकाळपासून शाळांच्या तुकड्या येत आहेत आणि गळ्यात ओळखपत्र घालून कस्तुरी माहिती सांगते आहे. पहिल्या तुकडीत काव्या नावाची मुलगी होती. तिच्यामागे तिचे आजोबा उभे होते. तीन वर्षांनी श्रीधरराव या इमारतीत पाऊल टाकत होते, तेही नातीच्या शाळेबरोबर. कस्तुरीने त्यांना पाहिले तेव्हा ती पाचव्या वाक्यापर्यंत पोचलेली होती. तिने नजर पाटीकडे वळवली आणि वाक्य पुरे केले.

तुकडी पुढच्या खोलीत गेली. काव्याला पाठवून श्रीधरराव मागे थांबले.

"बरी आहेस मा?"

"बरी आहे काका."

"ती फाईल अजून आहे का गं तुझ्याजवळ?"

मला वाटले, ती नाही म्हणणार. "आहे," ती म्हणाली. "पेन ड्राइव्ह घरी कपाटात आहे. टाकवत नाही."

"सरी, ठीक आहे. डिग्री झाली, नोकरी झाली. आता तरी दाखव की कुणाला. घरात अजून विचारतात, तुमच्याकडून नेमकं काय चुकलं म्हणून. काय सांगू मी?"

"काका, आता दाखवलं तर तेव्हा मी खोटं बोलले असं होईल."

"होईल की," श्रीधरराव शांतपणे म्हणाले.

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात दुसरी तुकडी आली, आणि काव्याही आजोबांना शोधत परत आली. मित्रांनो, ती दुसरी तुकडी म्हणजे तुम्ही. कस्तुरीने डोळे पुसले आणि ती तुम्हाला पहिल्यापासून सांगायला लागली. चार वाक्ये झाली. पाचव्यापाशी ती थांबली, आठवते? तुम्हाला वाटले, बाईंना ठसका लागला. मला मात्र तेवढ्यात आशा वाटली. मग तिने पाचवे वाक्य वाचले, जसे लिहिले होते तसेच. तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुमच्या मागे पांढऱ्या शर्टातले आजोबा उभे होते, नात त्यांच्याकडे बघत होती. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

यंत्रांना तेलपाणी करा, धूळ पुसा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. ते कराच. पण कोणी म्हणाले की अमुक यंत्र खोटे आहे, अमुक माणसाने चूक केली, तर तपासून पाहिले का, एवढे विचारत जा. मोठे झाल्यावर विचारू म्हणाल तर तोवर तुम्हालाही कुठेतरी सही हवी असेल. म्हणून आजच सुरुवात करा. तुमची बस सुटायला अजून वेळ आहे. कस्तुरी मॅडम तिथे जिन्यापाशी उभ्या आहेत, आणि श्रीधरराव अजून गेलेले नाहीत. त्यांच्यासमोरच विचारा, दुसऱ्या स्फटिकात काय होते म्हणून. बाईंना आठवते.